कापसाच्या गंजीपाशी दिवा

मला सुखानं बसवत नाही, हे आमच्या गुहागरच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गॅस बंद केला का बघायला मी अर्ध्या वाटेतून परत येते. एसटीत बसले की आधी आपत्कालीन खिडकी कुठली ते शोधते आणि मगच तिकीट काढते. आई म्हणते, मन चिंती ते वैरी न चिंती, आणि तुझ्या मनाला तर दुसरा उद्योगच नाही. त्यामुळे पुण्यात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना जेव्हा कळलं की जगात काळजी करण्याचा पगार देणारा एक धंदा आहे, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदाच फार विचार न करता अर्ज टाकला.

धंदा साधा आहे. कारखान्याला विमा देण्याआधी कुणीतरी जाऊन बघायचं असतं, की इथं काय जळेल, काय फुटेल, काय पडेल. त्याला रिस्क सर्व्हे म्हणतात. मी अर्ज टाकला ती कंपनी दिवाळीच्या आधी आमच्यासारखी दोन-चार पोरं हाताखाली घेते आणि त्यातलं एखादं पुढं ठेवून घेते. ठेवायचं कुणाला ते बर्वे सर ठरवतात. सर पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, आणि कुठल्याही इमारतीत शिरताना आधी छताकडे बघणारे. मला वाटलं, चला, आपल्या जातीचा माणूस भेटला.

पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला बसवून सांगितलं, "धोका दिसतो गं सगळ्यांना. तो मालकाच्या तोंडावर सांगता येणं, ही नोकरी आहे. ते जमलं तर परीक्षा झाल्यावर ये, खुर्ची तुझी. नाही जमलं तर बँकेच्या परीक्षा दे."

मी तिथंच बँकेच्या परीक्षांच्या तारखा आठवायला लागले. कारण काळजी मी कितीही करीन, पण तोंडावर सांगणं म्हणजे माझी बोंब. मेसची आमटी आंबली असेल तर मी गुपचूप ताक पिऊन उठते.

जालना

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं बॅग उचलता उचलता सांगून टाकलं की हे गाव म्हणजे जालना सोने का पालना. पाळण्याचं माहीत नाही, पण आमची रिक्षा ज्या ट्रेलरमागून चालली होती त्याच्या पाठीतून लोखंडी सळया हातभर बाहेर आल्या होत्या आणि शेवटच्या सळीला लाल चिंधी बांधली होती. रिक्षावाला त्या चिंधीला जवळजवळ नाक लावून गाडी हाकत होता. मी सरांकडे बघितलं. सर डोळे मिटून बसले होते. हाही एक उपाय आहे म्हणा.

लोखंड, बियाणं आणि कापूस या तीन गोष्टींवर हे शहर उभं आहे, असं सरांनी नंतर नाश्त्याला सांगितलं. मला मात्र आधी जाणवली ती हवा. आमच्याकडे दसऱ्यापर्यंत भिंती घामेजलेल्या असतात, काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवली नाही तर काडी पेटत नाही. इथं लॉजच्या खिडकीत वाळत घातलेला रुमाल मी दात घासून येईपर्यंत कडकडीत झाला होता. ओठ फुटले. जे इतक्या लवकर वाळतं ते किती लवकर पेटत असेल, असं मनात आलं आणि मग दिवसभर ते मनातून जाईना. झोपण्यापूर्वी लॉजचा मागचा जिना उघडा आहे का ते बघून आले. त्याला कुलूप होतं. मॅनेजरला सांगायचं म्हणून काउंटरपर्यंत गेले आणि त्याच्याकडे पाण्याची बाटली मागून परत आले. असं माझं.

जाफराबाद

भोकरदनवरून जाफराबादला जाणाऱ्या जीपमध्ये किती माणसं होती ते मी मोजलं नाही, कारण मोजणं माझ्या प्रकृतीला बरं नव्हतं. माझ्या पायाशी गॅसची टाकी होती. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, भरलेली हाय, पाय टेकव बिनधास्त, हलायची न्हाई. बाहेर दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं आणि मधूनमधून कापूस फुटलेला. झाडावरचा कापूस मी पहिल्यांदा पाहत होते. इतकी पांढरी गोष्ट अशी उघड्यावर, काळ्या मातीवर लोंबकळत असते हे मला खोटंच वाटत होतं.

जाफराबादच्या जिनिंगमध्ये, म्हणजे जिथं कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधतात तिथं, सरांनी मला त्यांची पद्धत दाखवली. आधी मालकाबरोबर चहा. घाई नाही. पाऊसपाणी, पोरांची शिक्षणं, गुडघेदुखी. कप खाली ठेवला की मग उठायचं आणि बोट ठेवून सांगायचं. इथं वायर उघडी आहे. या पंख्याच्या बेअरिंगमध्ये रुई गुंडाळली गेलीय, गरम झाली की ठिणगी पडेल.

मालक हसून म्हणाले, "सर, इतकी वर्षं जिनिंग चालवून राह्यलो. आजवर कधी काही झालं न्हाई."

"जळलेल्या प्रत्येक जिनिंगचा मालक आदल्या दिवसापर्यंत बरोबर होता," सर म्हणाले.

मालकाचं हसू गेलं, पण त्यांनी मिस्त्रीला हाक मारली आणि पंखा उघडायला लावला. मग सर माझ्याकडे वळले आणि भिंतीच्या कडेला पडलेल्या विड्यांच्या थोटकांकडे मान करून म्हणाले, हे तू सांग. मी घसा खाकरला. म्हटलं, हे म्हणजे थोडंसं, तसं काही नाही, पण जमलं तर बघायला हवं. मालकांनी विचारलं, काय बघायला हवं? मी म्हटलं, स्वच्छता. मालक खो-खो हसले आणि त्यांनी लगेच झाडूवाली बोलावली. परतीच्या जीपमध्ये सर पुन्हा डोळे मिटून बसले. मला वाटलं, गेली खुर्ची.

त्यात भर म्हणजे रात्री सरांनी एका हॉटेलात शेवभाजी मागवली. वर तरंगणारा तेलाचा लाल तवंग बघून मी दहीभात घेतला होता. पण सरांना नको म्हणून सांगणं मला जमलं नाही ते नाहीच. सकाळी सर भिंत धरून उभे होते. म्हणाले, घनसावंगीला तू एकटी जा. परवा तिथल्या जिनिंगच्या हंगामाचा मुहूर्त आहे, त्याआधी बघितलंच पाहिजे. आणि दाराला टेकून पुन्हा तेच म्हणाले, तोंडावर.

घनसावंगी

अंबडच्या पुढं रस्त्याला ऊस लागला आणि मला उगाच बरं वाटलं. हिरवं दिसलं की कोकणातल्या माणसाला बरं वाटतं. जिनिंग गावाबाहेर, गोदावरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. फाटकातच रंगनाथकाका उभे होते. हे मालक. मूळचे शेतकरी, वडिलांनी जिनिंग टाकलं, अजूनही बोलताना हात शेतकऱ्यासारखे कमरेवर ठेवतात. आधी मला मॅडम म्हणाले. माझी बॅग उचलली तेव्हा चेन फाटून आतले कपडे, फणी आणि आईनं दिलेला मेतकुटाचा डबा सगळं फाटकात सांडलं. त्यानंतर मी पोरगी झाले.

सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला चपला काढायच्या आधी पाणी दिलं आणि पाणी पिऊन व्हायच्या आधी ताटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. येसर म्हणजे धान्यं भाजून दळलेलं मसालेदार पीठ. आमटी त्यानं दाट आणि खमंग होते, आणि आमच्या नारळाच्या वाटणाला ती अजिबात भीक घालत नाही. भात शेवटी, मूठभर. मी भाताची वाट बघत बसले हे काकूंच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात भात आधी आला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं तेव्हा मात्र त्या मनमोकळं हसल्या. म्हणाल्या, रडून राह्यली की जेवून राह्यली, एक काही तरी कर.

दुसऱ्या दिवशी जिनिंग बघितलं. चांगलं होतं. खरंच चांगलं. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, नळी बिनभोकाची, वायरी पाइपातून नेलेल्या. माझी ओढणी एका पट्ट्याजवळ गेली तर मिस्त्रीनं मला बाजूला ओढून ती कमरेला बांधायला लावली. भिंतीवर आगीसाठीच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या, तिथं मात्र गोम निघाली. वाळू असायला हवी त्या जागी पानाच्या पिचकाऱ्या, एसटीची तिकिटं, आणि शेवटच्या बादलीत झेंडूचं रोप. त्याला फूलही आलं होतं. मी धीर करून सांगितलं की काका, बादल्यांत वाळू पाहिजे. काकांनी तिथल्या तिथं ट्रॉली पाठवून वाळू आणवली, बादल्या घासून भरून घेतल्या. झेंडू त्यांनी स्वतः काढून आवारातल्या मारुतीपाशी लावला. मला आकाश ठेंगणं झालं. तोंडावर सांगितलं की! इतकं सोपं होतं?

संध्याकाळी काकू मला गोदावरीवर घेऊन गेल्या. नदी रुंद, संथ, आमच्या खाडीसारखी चढउतार करणारी नाही. काठावर वाळू, पाय रुततील इतकी. काकू पाण्याला हात लावून नमस्कार करून आल्या आणि मला जागा दाखवली, तिथं श्रावणात त्या वाळूची पिंड करतात. बेल वाहायचा, पूजा करायची, आणि मग ती पुन्हा नदीलाच द्यायची. मी विचारलं, पाण्याबरोबर वाहून गेलेलं बघून वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, तिचंच तिला दिलं, वाईट काय वाटायचं. मग थोड्या वेळानं म्हणाल्या की त्यांना दोन मुलगे, दोघंही बाहेर, लेक नाही. मुहूर्ताचा दिवा घरच्या लेकीनं लावायचा असतो. इतकी वर्षं नणंद येऊन लावायची, तिचं यंदा येणं होत नाही.

"उद्याचा दिवा तू लाव," काकू म्हणाल्या.

मला इतकं भरून आलं की मी लगेच हो म्हटलं. कुठं लावायचा, हे विचारलंच नाही. जगातल्या सगळ्या आपत्कालीन खिडक्या शोधणारी मी, आणि एवढं विचारलं नाही.

मुहूर्त

सकाळी कापसाच्या ट्रॉल्या फाटकापासून रस्त्यापर्यंत लागलेल्या. आधी वजनकाट्याची पूजा झाली, मग सगळ्यात आधी कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं-नारळ दिला. त्याची ट्रॉली अंगणात रिकामी केली आणि बघता बघता त्याचा ढीग झाला. या ढिगाला इथं गंजी म्हणतात. काकूंनी गंजीला हळदकुंकू वाहिलं, पाट मांडला, पाटावर पितळी समई ठेवली. पाट गंजीला टेकलेला. समई आणि कापूस यांच्यात एक वीत अंतर. वारा सुटलेला. कापसाचे तंतू सगळीकडे उडताहेत, माझ्या भुवयांवर बसताहेत. आणि काकूंनी माझ्या हातात काडेपेटी दिली.

कोकणातली सादळलेली काडेपेटी असती तर बरं झालं असतं. ही चांगली खडखडत होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. गुरुजी, ट्रॅक्टरवाले, गावातला फोटोवाला, नऊवारी नेसून आलेल्या बायका. मला जाफराबादची थोटकं आठवली. माझ्या तोंडात 'जमलं तर' आलंच होतं. पण काडेपेटीवरचा अंगठा घामानं ओला झाला होता आणि समोर एवढा कापूस पसरलेला होता, आणि मला एकदम स्वतःचाच राग आला. रागात मला बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "काका, हा दिवा मी इथं लावणार नाही. कापसापाशी उघडी ज्योत असली तर तुमच्या जिनिंगला विमा द्या असं मला लिहिता येणार नाही."

बायकांमधून कुणीतरी 'अगं बाई' म्हटलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. काका माझ्याजवळ आले, आवाज चढवला नाही.

"माझ्या बापाच्या वेळी इथंच लागला, माझ्या वेळी इथंच लागतो. आजवर काही झालं न्हाई, पोरी."

मी म्हटलं की आमच्याकडे भाताच्या उडवीपाशी, म्हणजे पेंढ्यांच्या ढिगापाशी, कुणी विडीसुद्धा ओढत नाही, दिवा तर लांबच. पेंढा आणि कापूस, आगीला दोन्ही सारखेच.

"पेंढा जनावराचा," काकू म्हणाल्या. "ही लक्ष्मी हाय. घरात येऊन राह्यली अन् तिच्यापुढं अंधार ठेवायचा?"

लक्ष्मीपुढच्या अंधाराचं काय करायचं हे सरांनी शिकवलं नव्हतं. संख्याशास्त्रात तर नाहीच नाही. काकूंनी माझ्या हातातून काडेपेटी घेतली, हळूच, ओरबाडून नाही, आणि समई स्वतः लावली. लेकीच्या हातचा दिवा त्या वर्षी लागला नाही.

मी भिंतीकडे गेले, कालच भरलेली एक लाल बादली काढली आणि ती दोन्ही हातांत धरून समईशेजारी येऊन उभी राहिले. आरती सुरू झाली. फोटोवाला म्हणाला, ताई, जरा बाजूला, बादली येऊन राह्यली फोटोत. मी हलले नाही. पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि माझे डोळे ज्योतीवरून हटत नव्हते. कापसाचा एक पुंजका उडत आला, ज्योतीच्या वर क्षणभर घुटमळला आणि वर निघून गेला. आरती संपली. प्रसाद वाटला. मशीन सुरू झालं. तेल संपलं तशी समई आपली आपण शांत झाली. काहीही झालं नाही.

काहीही झालं नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. सगळ्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपापल्या कामाला लागले. मी मात्र बराच वेळ बादली धरून तिथंच उभी होते.

जेवणात पुरण होतं. काकूंनी वाढलं, तूप सोडलं, पण रडून राह्यली की जेवून राह्यली असं काही म्हणाल्या नाहीत. मी काकांना सांगितलं की मी हे लिहिणार आहे, बाकी सगळं चांगलं आहे तेही लिहिणार आहे, पण दिवा गंजीपासून लांब जाईपर्यंत मंजूर करू नका असं लिहिणार आहे. काका म्हणाले, लिही, तुझं काम हाय ते. मग मला स्टँडवर सोडायला आले आणि एसटी येईपर्यंत ऊन असूनही थांबले. बॅगेची चेन त्यांनी सुतळीनं शिवून आणली होती. त्या शिवणीकडे बघून मला फार वाईट वाटलं.

परत

जालन्याला सर उठून बसले होते, पेज पीत. माझं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि एकच विचारलं, तोंडावर सांगितलंस? म्हटलं, हो. चहा आधी घेतलास? म्हटलं, नाही, हातात काडेपेटी होती. सर इतके हसले की पोट धरून पुन्हा आडवे झाले. म्हणाले, खुर्ची तुझी.

ज्या एका गोष्टीसाठी मी गेले होते ती मिळाली होती, आणि परतीच्या गाडीत मला एक क्षण स्वस्थ बसवेना. या धंद्याचा एक चमत्कारिक भाग मला कुणी सांगितला नव्हता. आपण खरं ठरावं असं इथं कधीच वाटू द्यायचं नसतं. घनसावंगीला आग लागली तर मी शहाणी. नाही लागली तर मी मुहूर्ताच्या दिवशी अपशकुन करणारी परकी पोरगी. आणि मला मनापासून परकी ठरायचं होतं. पुण्याला पोचल्यावर चार वेळा फोन हातात घेतला, चारही वेळा ठेवला.

कंपनीत काकांचं पत्र आलं, दिवा हलवू म्हणून. विमा मंजूर झाला. पण हलवला का हे बघायला मी तिथं नव्हते, आणि दिवाळी आली होती, म्हणजे लक्ष्मीपूजनाला गंजीची पुन्हा पूजा. गुहागरला पणत्या लावताना मी आईला दोनदा विचारलं की पडदा लांब आहे ना. आई म्हणाली, नोकरी लागली, आता तरी गप बस.

पाडव्याला सकाळी फोन वाजला. सुमनकाकू. माझ्या हातातला चिवडा खाली सांडला.

"फराळ करून राह्यली का न्हाई?" म्हणाल्या. मग फार वेळ इकडचं तिकडचं. नणंद आल्ती. कापूस बराबर चालू आहे. शेवटी त्यांनीच विषय काढला. दिवा गंजीपासून हलवला, पार वजनकाट्याच्या ओट्यावर नेला, यांनी कबूल केल्तं म्हणून. आणि तू उभी राहिल्तीस तशी बादली घेऊन मी स्वतः दिव्यापाशी उभी राह्यले, पूजा संपेपर्यंत. बादलीला हळदकुंकू लावलं, आंब्याची डहाळी बांधली. आता दर मुहूर्ताला दिव्यासोबत बादली ठेवायची, असं यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

काही बोलायच्या आधी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काकू, बादलीत वाळू होती ना?"

"वाळू?" काकूंना धक्काच बसला. "लक्ष्मीपुढं पिचकाऱ्या पडतात ती वाळू कशी ठेवावी, बाई? गहू भरले. कोरे, नवे, काठोकाठ."

गहू! ज्योतीशेजारी, सजवलेल्या बादलीत, गहू. नियमावली डोळ्यांसमोर आली, सर आले, पंख्याचं बेअरिंग आलं. 'जमलं तर' पुन्हा जिभेवर येऊन बसलं. आणि मग गोदेचा काठ आठवला, आणि काकूंचा वाळूत रुतलेला पाय.

"काकू," मी म्हटलं, "श्रावणात पिंड करता ती वाळू, ती चालेल का लक्ष्मीपुढं?"

पलीकडे मागं कुठंतरी जिनिंग घरघरत होतं.

"चालंल की," काकू म्हणाल्या. "गोदामाईचीच ती. मंग हे त्या दिवशीच का न्हाई सांगितलंस?"